फुकेतची बेवारस कुत्री : दयेला व्यवस्थेची जोड

घरची कुत्री व्याली आणि पिल्लांना कोणी नेईना, की एखाद्या संध्याकाळी ती गोणपाटात घालून दूरच्या बाजाराजवळ सोडून येणे, ही गोष्ट आपल्या गावांत नवी नाही. सोडून येणाऱ्याच्या मनात क्रौर्य असतेच असे नाही. 'मारली तर नाहीत ना, कोणीतरी खायला घालील' एवढे समाधान त्याला पुरते. नेमके हेच समाधान थायलंडमधल्या फुकेत नावाच्या बेटावर बेवारस कुत्र्यांच्या मोठ्या प्रश्नाचे एक कारण ठरले. त्या प्रश्नाला तेथे कसे तोंड देण्यात आले आणि त्यातून आपण काय घ्यावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

बेट आणि तेथील कुत्री

फुकेत हे थायलंडचे सर्वांत मोठे बेट. आपल्या अंदमानच्या पूर्वेकडे पसरलेल्या समुद्राच्या पलीकडच्या काठावर ते वसले असून पुलाने मुख्य भूमीशी जोडलेले आहे. एके काळी कथिलाच्या खाणी आणि रबराचे मळे ही तेथील उपजीविकेची साधने होती. गेल्या काही दशकांत मात्र समुद्रकिनारे आणि पर्यटन यांवर बेटाचा संसार चालतो.

उष्ण कटिबंधातील अशा बेटावर कुत्र्यांची संख्या वाढण्यास सर्व काही अनुकूल असते. कडाक्याची थंडी नाही, त्यामुळे उघड्यावरची कुत्री वर्षभर तग धरतात. खाणावळी, मासळीबाजार, बांधकाम मजुरांच्या वस्त्या आणि किनाऱ्यावरच्या टपऱ्या यांचे उष्टे-खरकटे मुबलक असते. मादी वर्षाची होण्याआधीच माजावर येऊ शकते, सुमारे त्रेसष्ट दिवसांत विते आणि बहुधा वर्षातून दोनदा विते. त्यातली पुष्कळ पिल्ले मरतात, परंतु उरतात ती संख्या वाढती ठेवण्यास पुरेशी असतात.

यात थायलंडच्या धार्मिक रिवाजाचीही भर पडते. बौद्ध धर्मात जीवहत्या निषिद्ध मानली आहे. म्हणून नको असलेली पिल्ले लोक विहाराच्या आवारात नेऊन सोडतात. भिक्षू आपल्याला मिळालेल्या भिक्षान्नातला घास त्यांना घालतात. पोट भरते, पण उपचार होत नाहीत आणि वीण थांबत नाही. पर्यटकही हंगामात प्रेमाने खाऊ घालतात, एखाद्या पिल्लाला नाव देतात आणि सुट्टी संपली की विमानात बसतात. मागे उरलेली कुत्री खरजेने केस गळालेली, गोचिडांमुळे ज्वर जडलेली, मोटारींखाली पाय मोडलेली अशी हिंडत राहतात. डासांमार्फत शिरणारे हृदयातील जंत हा दमट हवेतला आणखी एक जीवघेणा आजार. या साऱ्यांच्या वर रेबीजची टांगती तलवार असते, आणि ती कुत्र्यांइतकीच माणसांवरही असते.

एका दांपत्याची सुरुवात

जॉन व गिल डॅली हे इंग्लंडमधील यॉर्कशायरचे दांपत्य २००३ मध्ये निवृत्तीचे आयुष्य घालवण्यासाठी फुकेतला स्थायिक झाले. बँकॉकमध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी काम केलेल्या मार्गोट होम्बर्ग यांच्यासह त्यांनी त्याच वर्षी 'सोई डॉग फाउंडेशन' ही संस्था सुरू केली. थाई भाषेत 'सोई' म्हणजे हमरस्त्याला फुटलेली गल्ली. गल्लीतल्या कुत्र्यांसाठी असलेली ही संस्था. सुरुवातीस ना इमारत होती, ना निधी. येणाऱ्या पशुवैद्यांना हाताशी धरून कुत्री पकडावयाची, शस्त्रक्रिया करवून घ्यावयाची, एवढेच काम होते.

ऑक्टोबर २००४ मध्ये एक प्रसंग घडला. भुलीची सुई मारलेला एक कुत्रा घाबरून पाण्याने भरलेल्या पडीक शेतात शिरला. भूल चढताच तो बुडणार, हे ओळखून गिल चिखलात उतरल्या व त्याला बाहेर घेऊन आल्या. त्या मातीतील जंतूंचा संसर्ग त्यांच्या रक्तात भिनला. प्राण वाचले, पण दोन्ही पाय गुडघ्यांखाली कापावे लागले. त्या जेमतेम सावरत असताना २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली. आपल्या तामिळनाडूच्या व अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यांवर कोसळलेली तीच लाट फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावरही कोसळली होती. त्या दिवसांत गिल चाकांच्या खुर्चीत बसून रुग्णालयांत जखमी व शोकाकुल माणसांना धीर देत होत्या. पुढे कृत्रिम पायांवर उभ्या राहून त्यांनी पुन्हा कुत्री पकडण्याचे काम हाती घेतले. फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

'कुत्र्यांवर प्रेम करणाऱ्यांना माणसांचे काही नसते' असे आपण सहज बोलून जातो. गिल डॅली यांच्या जीवनातील हा एक महिना त्या विधानाला उत्तर म्हणून पुरेसा आहे.

पकडणे, शस्त्रक्रिया, लस आणि परत सोडणे

संस्थेच्या कामाचे दोन भाग आहेत. एक डोळ्यांत भरणारा आणि दुसरा फारसा न दिसणारा. न दिसणारा भाग अधिक महत्त्वाचा असल्यामुळे तो आधी समजून घेऊ.

एखाद्या भागातील कुत्री जाळ्याने किंवा भुलीच्या सुईने पकडतात. त्याच परिसरातील दवाखान्यात त्यांचे निर्बीजीकरण होते, रेबीज व अन्य रोगांची लस टोचली जाते, शस्त्रक्रिया झाल्याची कायमची खूण केली जाते. जखम भरली, की प्रत्येक कुत्रा जेथून आणला त्याच गल्लीत सोडला जातो. सोई डॉगने अशा रीतीने फुकेतपासून बँकॉकपर्यंत दहा लाखांहून अधिक कुत्री व मांजरे हाताळली आहेत.

'परत का सोडावयाचे?' हा प्रश्न सर्वत्र विचारला जातो. त्याचे उत्तर कुत्र्याच्या स्वभावात आहे. कुत्री आपापली हद्द सांभाळतात. एका गल्लीतली सर्व कुत्री उचलून नेली, तरी तेथील खरकटे उचलले जात नाही. मग शेजारच्या भागातील नवी कुत्री त्या रिकाम्या जागेत येतात. त्यांना लस टोचलेली नसते, त्यांची वीण चालू असते आणि येथील माणसांशी त्यांची ओळखही नसते. उलट, निर्बीजीकरण झालेला व लस घेतलेला कुत्रा तेथेच राहिला, तर तो नवागतांना शिरू देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एखाद्या भागातील ७० टक्के कुत्र्यांना लस दिली गेली, तर रेबीजच्या प्रसाराची साखळी तुटते. म्हणजे सर्वच्या सर्व कुत्री पकडण्याची गरज नाही. मात्र ही टक्केवारी टिकवावी लागते. कुत्री मरतात, नवी जन्मतात, बाहेरून आणली जातात. म्हणून लसीकरण पुनःपुन्हा करावे लागते.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत, हे मान्य केले पाहिजे. शस्त्रक्रिया झालेला कुत्रा भुंकणे किंवा मोटारसायकलीमागे धावणे लगेच सोडत नाही. जो चावराच आहे, त्याला परत सोडणे योग्य नव्हे. आणि फळ दिसण्यास अनेक वर्षे लागतात. मारून टाकण्याचा किंवा उचलून नेण्याचा आदेश एका दिवसात निघतो. या कामाला मात्र रोजची चिकाटी लागते.

नवे घर : लांबचा आणि खर्चाचा प्रवास

आता डोळ्यांत भरणारा भाग. जी कुत्री परत रस्त्यावर सोडण्याजोगी नसतात, उदाहरणार्थ अपंग, आंधळी, छळ झालेली किंवा आईवेगळी पिल्ले, ती बेटाच्या उत्तरेस माई खाओ येथील संस्थेच्या निवाऱ्यात राहतात. त्यांपैकी काहींना थायलंडमध्येच घर मिळते. काही युरोप-अमेरिकेतील कुटुंबे दत्तक घेतात.

हा प्रवास वाटतो तितका सोपा नाही. थायलंडमधून युरोपीय संघाच्या देशात कुत्रा न्यावयाचा असेल, तर प्रथम त्याच्या कातडीखाली ओळखीची चीप बसवावी लागते. त्यानंतर रेबीजची लस. तीही पिल्लू बारा आठवड्यांचे झाल्यावरच चालते. लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. लशीने पुरेशी प्रतिकारशक्ती आल्याचे तेथे सिद्ध व्हावे लागते. नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबल्यावरच देशात प्रवेश मिळतो. म्हणजे पिल्लू सुमारे सात महिन्यांचे होईपर्यंत त्याला जाता येत नाही. तोवरचा आहार, औषधे व देखभाल निवाऱ्यानेच करावयाची. पुढे विमानाचा खर्च कमी व्हावा म्हणून सुट्टी संपवून परतणाऱ्या पर्यटकांना विनंती केली जाते. पर्यटकाच्या तिकिटावर कुत्रा त्याच विमानाने जातो आणि विमानतळावर नवे कुटुंब त्याला घ्यावयास येते.

ही वाट अलीकडे अधिक अरुंद झाली आहे. रेबीजचा धोका असलेल्या देशांच्या यादीत थायलंड आहे. कॅनडाने २८ सप्टेंबर २०२२ पासून अशा देशांतून दत्तक देण्यासाठी कुत्री आणण्यास मनाई केली. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांखालील कुत्र्यांना प्रवेश बंद केला व इतर अटी वाढवल्या. २०२० मध्ये महामारीमुळे विमानेच थांबली होती, तेव्हा तर निवाऱ्यातली कुत्री निवाऱ्यातच अडकली. पर्यटकांच्या उष्ट्यावर जगणारी किनाऱ्यावरची कुत्री त्या काळात उपाशी पडली आणि स्वयंसेवकांना गाडीतून अन्न घेऊन फिरावे लागले.

दत्तक गेलेल्या कुत्र्याची छायाचित्रे पाहून आपले मन भरून येते, आणि देणगी देणाऱ्याचा हातही त्यामुळेच पुढे येतो. पण एका कुत्र्याला परदेशी घर मिळेपर्यंत बेटावर कित्येक पिल्ले जन्मतात. विमानाने नेऊन बेटाचा प्रश्न सुटत नाही. तो सुटतो गल्लीतच. घर देणे ही त्या एका जिवावरची दया होय. निर्बीजीकरण व लस ही मागे राहणाऱ्या सर्वांवरची दया होय. पहिलीला दुसरीचा आधार नसेल, तर निवारा कधीच रिकामा होत नाही.

माणसे उपाशी असताना?

आपल्या अनेक वाचकांच्या मनात येथे एक प्रश्न उभा राहील. माणसे उपाशी असताना कुत्र्यांवर एवढा खर्च कशासाठी? प्रश्न रास्त आहे. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातही दोन्ही बाजू शेजारी शेजारी मांडल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, आणि माणसांच्या दुःखनिवारणासाठी जो पैसा आधी खर्च व्हावयास हवा तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही, असे तेथे सांगितले आहे.

रेबीजच्या बाबतीत मात्र या दोन बाजू एकत्र येतात. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणे कुत्र्यांमुळे घडतात, आणि मरणाऱ्यांत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. मूल खेळताना चावा घेतला जातो, घरी रागावतील म्हणून ते सांगत नाही आणि लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही. ही मुले बहुधा गरिबांचीच असतात. गल्लीतल्या कुत्र्याला टोचलेली लस ही त्या गल्लीतल्या मुलालाच दिलेले संरक्षण असते.

आपल्या अंगणात

फुकेतची पद्धत आपल्याला परकी नाही. भारतात २००१ च्या व नंतर २०२३ च्या नियमांनी निर्बीजीकरण, लसीकरण व त्याच जागी परत सोडणे हाच मार्ग स्वीकारला. गोव्यात 'मिशन रेबीज' या संस्थेने राज्य शासनाच्या साहाय्याने घरोघरी व रस्तोरस्ती कुत्र्यांना लस टोचली आणि शाळाशाळांतून मुलांना श्वानदंशाविषयी शिकवले. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले.

तरीही वाद मिटलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो बदलून रेबीजग्रस्त व चावरी कुत्री वगळता इतरांना लस देऊन मूळ जागी सोडण्यास सांगितले. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतील कुत्री हलवावीत व तेथे परत सोडू नयेत, असा आदेश झाला. चावा बसलेल्या मुलाच्या आईची भीती खरी आहे आणि मुक्या जनावराची वेदनाही खरी आहे. त्यांपैकी एकीलाच खरी मानून उत्तर सापडणार नाही.

आपल्या हातात काय आहे? घरच्या कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस द्यावी आणि वीण नको असेल तर वेळीच शस्त्रक्रिया करून घ्यावी. पिल्लू हवे असेल तर विकत घेण्याआधी आळीतल्या पिल्लाकडे पाहावे. लग्नकार्यातले व सणातले उष्टे उघड्यावर टाकू नये. कुत्रा चावला तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद-चुना लावून थांबू नये. चावा बसल्याचे लपवू नका, कोणी रागावणार नाही, हे मुलांना घरात स्पष्ट सांगावे.

आणि पुन्हा कधी ती पिल्ले गोणपाटात घालण्याची वेळ आली, तर बाजाराचा रस्ता धरण्याआधी त्यांच्या आईला पशुवैद्याकडे न्यावे.