हायब्रिडचा भाव उतरतो कुठे?

२०२६ चा पाडवा गुरुवारी, १९ मार्चला, आणि त्यानंतर बारा दिवसांनी आर्थिक वर्ष संपतं. गाड्या विकणाऱ्यांसाठी हा पंधरवडा मोठ्या कमाईचा, त्यामुळे कल्याण-उल्हासनगरच्या शोरूमवाल्यांचे फोन मुरबाड, सरळगाव ओलांडून धसईपर्यंत वाजू लागले आहेत. यंदा त्या फोनवर 'हायब्रिड' हा शब्द फार ऐकू येतो. लिटरला सत्तावीस किलोमीटर, बॅटरी आपोआप भरते, शिवाय 'जीएसटी कमी झालाय, दादा'. यातलं शेवटचं वाक्य अर्धवट आहे, आणि गिऱ्हाइकाचं नुकसान तिथूनच सुरू होतं.

२२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी १८ टक्क्यांवर आली आणि लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं. आज ज्या हायब्रिड गाड्यांची चर्चा आहे त्या चार मीटरहून लांब आणि दीड-दोन लिटर इंजिनाच्या. त्यांना ४० टक्के लागतो. आधी २८ टक्के जीएसटी आणि १५ टक्के उपकर असा ४३ टक्के लागायचा. म्हणजे उतरले ते तीन टक्के. मोठ्या, साध्या इंजिनाच्या एसयूव्हीवर मात्र आधी ५० टक्के कर होता, आणि तीही आता ४० वरच आली. वीस लाखांच्या गाडीवर हिशेब केला तर हायब्रिडवाल्याचे वाचले सुमारे ४२ हजार आणि साध्या एसयूव्हीवाल्याचे सुमारे एक लाख ३३ हजार. कमी पेट्रोल जाळणाऱ्या गाडीला इतकी वर्षं करात जे झुकतं माप होतं, ते एका रात्रीत गेलं. माझ्या मते ही या बदलातली सगळ्यात चुकीची गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. बॅटरीवरच्या गाडीचा कर तेवढा पूर्वीसारखा ५ टक्क्यांवर राहिला.

धसईसारख्या गावाला खरी गरज कशाची आहे? घरच्या प्लगवर रात्री चार्ज करायची, मुरबाडला बाजार, बँक, तहसील करून संध्याकाळी परत यायची आणि महिन्यातून एकदा माळशेज चढून नगरला किंवा जुन्नरला जायचं तेव्हा पेट्रोलवर पळायची. अशा गाडीला प्लग-इन हायब्रिड म्हणतात. रोजच्या चाळीस-पन्नास किलोमीटरला वीज, लांबच्या वाटेला टाकी. पावसाळ्यात तारेवर झाड पडून दोन दिवस वीज गेली तरी गाडी अडत नाही. इतकी चपखल गाडी या भागासाठी दुसरी नाही. पण आपल्या देशात प्लग-इन मिळते ती बीएमडब्ल्यू एक्सएमसारखी, कोट्यवधी रुपयांची. शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, किराणा दुकानदाराच्या आवाक्यात जे आहे ते टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड व्हिटारा, इनोव्हा हायक्रॉस यांच्या जातीचं, म्हणजे स्ट्राँग हायब्रिड. तिला प्लग नसतो. ब्रेक दाबताना आणि इंजिन चालताना तिची बॅटरी भरते, एवढंच.

राज्याच्या दारातही हायब्रिडला फारसं काही मिळत नाही. महाराष्ट्राचं २०२५ चं इलेक्ट्रिक वाहन धोरण ३१ मार्च २०३० पर्यंत चालणार आहे. त्यात वाहन कराची माफी आणि अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी इथली टोलमाफी पूर्ण बॅटरीवरच्या गाड्यांना आहे. शहापूर तालुक्यात समृद्धीला जमीन गेलेल्या घरानं त्या पैशातून हायब्रिड घेतली, तर त्याच रस्त्यावर तिला टोल भरावा लागेल. उत्तर प्रदेशनं जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग आणि प्लग-इन हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता. आपल्याकडे दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के आणि वीसच्या वर १३ टक्के कर आहे, हायब्रिडही त्याच रांगेत. शोधून शोधून एक सवलत सापडते. थर्ड पार्टी विम्यात हायब्रिडला साडेसात टक्के सूट आहे. दीड लिटरच्या आतल्या गाडीचा तीन वर्षांचा हप्ता १०,६४० रुपये, त्यावर सूट ७९८ रुपये.

सरकारकडून भाव उतरत नाही म्हटल्यावर उरतो तो विकणारा. आणि इथे मला नेहमी आश्चर्य वाटतं. पौष पौर्णिमेला म्हसा गावच्या यात्रेत बैल घेताना हीच माणसं दात बघतात, खूर बघतात, चालवून बघतात, रुमालाखाली बोटं धरून हेड्याला पार घामाघूम करतात. काचेच्या दारातून आत गेलं, थंडगार हवेत चहा हातात आला, की तीच माणसं गप्प होतात. 'कंपनीचा भाव आहे, यात काही होत नाही' हे ऐकून मान डोलावतात. एक्स-शोरूम किमतीत फार काही होत नाही हे बऱ्याच अंशी खरंच आहे. पण कोटेशनच्या कागदावर एक्स-शोरूमच्या खाली आणखी सहा-सात ओळी असतात, आणि घासाघीस करायची ती तिथे.

धसईतल्या एका ओळखीच्या घरी असा कागद पाहायला मिळाला. आकडे सोयीसाठी गोल करून सांगतो. एक्स-शोरूम १८ लाख. वाहन कर २ लाख १६ हजार. विमा ७८ हजार. टीसीएस १८ हजार. वाढीव वॉरंटी २८ हजार. अ‍ॅक्सेसरीज ३५ हजार. हँडलिंग १२ हजार. बेरीज २१ लाख ८७ हजार, आणि शेवटी लाल शाईत 'पाडवा स्पेशल सूट ३० हजार'. घरातल्या सुनेनं कागद हातात घेतला आणि सासऱ्यांना सरळ विचारलं, "बाबा, हँडलिंग म्हणजे काय? आणि ही पस्तीस हजारांची यादी आपण कधी सांगितली होती?" यादीत पायपुसणी, सीट कव्हर, दाराच्या कडांच्या पट्ट्या आणि 'अंडरबॉडी कोटिंग' होतं. यातलं काहीही कुणी मागितलं नव्हतं. हँडलिंग आणि अ‍ॅक्सेसरीज मिळून ४७ हजार होतात. म्हणजे आधी ४७ हजार चढवायचे आणि मग ३० हजार उतरवून पेढा द्यायचा.

वाहन कर सरकारचा, त्याला हात लावता येत नाही. हँडलिंग नावाचा रकाना आरटीओच्या पावतीत नसतो. तो शोरूमनं लावलेला आकार आहे आणि ठाम राहिलं तर निघतो. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असा कुठलाही नियम नाही. नव्या कारला थर्ड पार्टी तीन वर्षांचा घ्यावा लागतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग ऑगस्ट २०२० पासून एकेका वर्षाचा घेता येतो. त्या सुनेनं मोबाइलवर दोन कंपन्यांचे दर काढले. तेच कव्हर, तीच गाडीची विमा किंमत, झिरो डेप्रिसिएशनसकट, वीस हजारांहून अधिक स्वस्त. तो आकडा शोरूममध्ये दाखवला की बहुतेक वेळा तिथलाच विमा तेवढ्यात मिळतो. हायब्रिड घेताना एवढं मात्र बघावं की बॅटरी आणि इलेक्ट्रिक मोटर पाण्यानं बिघडली तर ते पॉलिसीत येतं का. इकडे पावसाळ्यात ओढे-नाले रस्त्यावरून वाहतात, त्यामुळे ही ओळ वाचल्याशिवाय सही करू नये.

आता कर्ज. माझ्या मते माणूस सगळ्यात जास्त लुबाडला जातो तो इथे, आणि तेही हसतमुखानं. विक्रेत्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, महिन्याला किती झेपेल?" याचं उत्तर देऊच नये. एकदा हप्त्याचा आकडा तोंडातून गेला की गाडीची किंमत, व्याज, मुदत या तिन्हींवरचा ताबा सुटतो. तुम्ही सांगितलेल्या हप्त्यात कुठलीही किंमत बसवता येते, फक्त वर्षं वाढवायची. दहा लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे २०,७६० आणि एकूण व्याज दोन लाख ४५ हजारांच्या आसपास. तेच सात वर्षांसाठी केलं तर हप्ता १६,०९० वर येतो, माणूस खूश होतो, आणि व्याज साडेतीन लाखांवर जातं. एक लाख सहा हजार जास्त, त्याच गाडीसाठी.

दुसरा प्रकार त्याहून वाईट. "बँक नऊ टक्के लावते, आम्ही सहा टक्क्यांनी देतो." हे सहा टक्के 'फ्लॅट' असतात. म्हणजे तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण दहा लाखांवर लागत राहतं. पाच वर्षांचे सरळ तीन लाख. घटत्या शिलकीच्या भाषेत तो दर पावणेअकराच्या वर बसतो. नऊवाली बँक सहावाल्यापेक्षा ५४ हजारांनी स्वस्त! गावातल्या पतपेढीच्या सभेत व्याजाच्या पाव टक्क्यावरून तासभर वाद घालणारी माणसं इथे फसतात, कारण समोरचा कागद दाखवत नाही, फक्त आकडा बोलतो.

तो कागद मागायचा हक्क आता आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानं प्रत्येक किरकोळ कर्जाआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं. त्यात वार्षिक दर सगळे आकार धरून लिहिलेला असतो, प्रोसेसिंग फीसकट. फ्लॅटचा फुगा तिथे फुटतो. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड किती, हेही त्यातच बघावं. वाहनकर्ज बहुतेक स्थिर दराचं असतं आणि स्थिर दराच्या कर्जाला असा दंड लागू शकतो. भाताचे, भेंडीचे किंवा जमिनीचे पैसे एकरकमी हातात येणाऱ्यांना हे कलम फार महत्त्वाचं.

बँकेचं मंजुरीपत्र खिशात घालून शोरूममध्ये जावं, हा सल्ला शहरात सोपा आहे. शेतकऱ्याकडे पगारपत्रक नाही, बऱ्याचदा आयकराचं विवरणपत्रही नाही. सातबारा आणि आठ-अ घेऊन तो उभा राहतो आणि बँकेतून 'उद्या या' ऐकून शेवटी शोरूमच्या फायनान्सकडे वळतो. पण धसईकडे या बाबतीत एक जमेची बाजू आहे. १ डिसेंबर २०१६ ला, नोटाबंदीच्या धामधुमीत, तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या हस्ते हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. बँक ऑफ बडोदानं दुकानदारांना स्वाइप मशीन दिली, स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाच्या मंडळींनी पुढाकार घेतला, वडापाववालाही कार्ड घेतो याचे फोटो देशभर छापून आले. त्या प्रयोगाचं पुढे काय झालं यावर बरीच टीका होते. मला त्यातली एक गोष्ट कामाची वाटते. ज्या दुकानदाराची विक्री कार्डावरून, आता क्यूआर कोडवरून, खात्यात जमा होते, त्याच्याकडे आपल्या धंद्याचा छापील पुरावा आहे. बारा महिन्यांचं खात्याचं विवरण बँकेच्या टेबलावर ठेवलं की बोलणं बदलतं. ज्यानं सगळा गल्ला रोखीत ठेवला त्याला हे जमत नाही. रोखीचा रुबाब शोरूममध्येही चालत नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यानंच बंद आहे.

कागदावरचे ते १८ हजार टीसीएसचे राहिले. दहा लाखांवरची गाडी घेतली की विक्रेता एक टक्का आयकर गोळा करून तुमच्या पॅनवर जमा करतो. हा खर्च नाही, तो तुमचाच पैसा आहे. विवरणपत्र भरलं की तो देय करातून वळता होतो, कर लागत नसेल तर परत मिळतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून आमच्या भागात कित्येक जण विवरणपत्र भरतच नाहीत आणि हे पैसे सरकारकडे तसेच राहतात. सरकारनं हायब्रिडला दिलेल्या त्या ७९८ रुपयांच्या सुटीपेक्षा हे बावीसपट आहेत.

आणि मुहूर्ताचं. पाडव्याच्या दिवशी गाडी दारात हवी असा हट्ट धरला की घासाघीस करायची ताकद अर्धी जाते, कारण त्या दिवशी शोरूमला गिऱ्हाइकांची वाण नसते. पाडव्याला घरी पूजा करून थोड्या रकमेचं बुकिंग करावं, बुकिंग रद्द केलं तर पैसे परत मिळतील हे पावतीवर लिहून घ्यावं, आणि बाकीचं बोलणं २५ तारखेनंतर उघडावं. मार्चअखेरचा आकडा गाठायचा असतो तेव्हा हँडलिंग जातं, वॉरंटी फुकटात येते. आवारात २०२५ मध्ये बनलेली गाडी पडून असेल तर तिच्यावर भरघोस सूट मागावी, कारण पुढे विकताना ती एक वर्ष जुनी धरली जाणार आहे. बनावटीचा महिना विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नये, विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, तो छापलेला असतो. पैसे भरण्याआधी तो बघावा, गाडीच्या चासी नंबरशी ताडावा आणि मगच उरलेली रक्कम खात्यातून वळती करावी.