ऋतूनुसार गंधोदक : आधी विधी ठरवावा, मग द्रव्य

"घरात सुगंध हवा, पण उदबत्तीचा धूर सोसत नाही; मग काय करावे?" हा प्रश्न अलीकडे चिकित्सालयात वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुधा तमकश्वासाचे किंवा वारंवार प्रतिश्याय होणारे रुग्ण असतात, अथवा त्यांच्या घरातील वडीलधारी मंडळी. धूर व धूळ ही श्वासाची कारणे म्हणून चरकाचार्यांनी चिकित्सास्थानात स्पष्टपणे सांगितली आहेत. तेव्हा रुग्णाची तक्रार शास्त्रसंमतच आहे. यावर उपाय म्हणून दालचिनी, लवंग, फळांच्या साली अशी द्रव्ये पाण्यात घालून शेगडीवर मंद आचेवर ठेवण्याची रीत अनेक घरांत रुजू लागली आहे. औषधी दुकानांतही अशा मिश्रणांच्या तयार पुड्यांची विचारणा होते. या रीतीस आम्ही प्रस्तुत लेखात 'गंधोदक' म्हणतो.

रीत सोपी असली तरी बारमाही एकाच प्रकारे वापरावी अशी ती नाही. बहुतेक ठिकाणी ऋतू बदलला की केवळ मसाले बदलले जातात. पातेले, पाणी आणि अग्नी तेच राहतात. आमच्या मते आधी विधीचा विचार व्हावा. या ऋतूत घरात वाफ हवी का, उष्णता हवी का, हे ठरल्यावर द्रव्याची निवड करावी.

धूपन आणि गंधोदक यांतील भेद

धूपनाची परंपरा आपणा सर्वांस ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेत व्रणितागारासाठी सर्षप, निंबपत्र, घृत व लवण यांचे धूपन सांगितले आहे आणि काश्यपसंहितेत धूपकल्पाचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात द्रव्य निखाऱ्यावर जळते आणि धूर हेच त्याचे कार्यसाधन असते. गंधोदकात काहीही जळत नाही. पाण्याच्या वाफेबरोबर द्रव्यातील केवळ उडनशील अंश बाहेर पडतो. म्हणून धूपनाची रक्षोघ्न वा कृमिघ्न फलश्रुती गंधोदकास जोडता येणार नाही. ही गृहसुगंधाची कृती आहे, चिकित्सा नव्हे. हा भेद रुग्णास सांगणे हे आपले कर्तव्य आहे.

सुगंधनिर्मिती हे आपल्याकडे स्वतंत्र शास्त्र होते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचे प्रकरण आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प्रा. प. कृ. गोडे यांनी 'गंधसार' आणि मराठी टीकेसह असलेला 'गंधवाद' या ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. मराठी भाषेत गंधशास्त्रावर टीका लिहिली गेली होती ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे.

गंध बाहेर कसा पडतो

लवंगेतील प्रमुख गंधद्रव्य युजेनॉल. त्याचा उत्कलनांक सुमारे २५४ अंश सेल्सिअस आहे. तरीही पाण्याच्या वाफेबरोबर ते १०० अंशांच्या आतच बाहेर येते. अर्क काढण्याच्या यंत्रात जे घडते तेच येथे उघड्या पातेल्यात घडते. यावरून तीन व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली, खळखळून उकळण्याची गरज नाही. तीव्र आचेवर गंध पहिल्या काही मिनिटांतच उडून जातो आणि मागे केवळ काढा उरतो. एक उकळी आल्यावर आच अगदी मंद करावी. दुसरी, साल, खोड, मूळ व सुके फळ आरंभी घालावे; पाने व फुले आच बंद केल्यावर घालून झाकण अर्धवट ठेवावे. गुलाब, दवणा, तुळस यांचा नाजूक गंध उकळण्याने बिघडतो. तिसरी, चूर्ण वापरू नये. ते तळाशी बसून करपते आणि करपल्याचा वास घरभर होतो. द्रव्य जाडसर भरडलेले असावे.

सामान्य प्रमाण असे : जाड बुडाचे रुंद स्टीलचे पातेले, अर्धा लिटर पाणी, सर्व मिळून १० ते १५ ग्रॅम सुके द्रव्य. वीस ते तीस मिनिटांनी, अथवा पाणी निम्मे उरताच, शेगडी बंद करावी. आंबट फळांच्या साली ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात उकळू नयेत. एवढ्या पाण्यास उकळी आणून पाव लिटर आटवण्यास घरगुती शेगडीवर साधारण २५ ते ३० ग्रॅम गॅस लागतो. खर्च थोडा असला तरी दिवसभर पातेले ठेवण्याची रीत वायफळ आहे. त्यातच पाणी आटून पातेले जळण्याचा धोका असतो.

ऋतूनुसार योजना

ग्रंथोक्त ऋतू आणि आपल्या गावचे हवामान यांचा मेळ प्रत्येक वेळी बसतोच असे नाही. कोकणात जूनच्या मध्यापासूनच वर्षा ऋतूची लक्षणे दिसतात. त्याच सुमारास मराठवाड्यात अनेकदा ग्रीष्म सरलेला नसतो. म्हणून पंचांगापेक्षा प्रत्यक्ष हवा प्रमाण मानावी. पुढील योगांत द्रव्याचे वीर्य हा निवडीचा मार्गदर्शक आहे. गंध घेतल्याने तेच कार्य शरीरात घडेल असा दावा त्यात नाही.

हेमंत व शिशिर : हवा थंड व रूक्ष, खोल्या बंद, अग्नी सुखावह. गंधोदकास हाच खरा काळ. दालचिनीचे ३ ग्रॅम तुकडे, ५-६ लवंगा, २ ग्रॅम सुंठ आणि एका संत्र्याची साल, अर्धा लिटर पाण्यात. या दिवसांत विदर्भातील संत्री सर्वत्र मिळतात. साल कोमट पाण्याने चोळून धुवावी व आतील पांढरा भाग शक्य तितका काढावा. हेमंतात अगरूचा लेप सांगितला आहे. परंतु अगरू पातेल्यात घालू नये. त्याचे कारण पुढे येईल.

वसंत : कफप्रकोपाचा काळ. तिक्त व कटू गंधाची द्रव्ये घ्यावीत, वाफ मात्र कमी असावी. पाणी ३०० मिलिलिटर, लिंबाची साल अर्ध्या फळाची, पंधरा मिनिटे. आच बंद केल्यावर तुळशीची १०-१२ पाने आणि दवण्याच्या दोन काड्या घालाव्यात. चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा दवणा या दिवसांत बाजारात ताजा मिळतो. प्रतिश्याय असणाऱ्यांच्या आग्रहास्तव निलगिरीची पाने भरमसाट घालण्याचा मोह टाळावा.

ग्रीष्म : या ऋतूत शेगडी पेटवून घरात उष्णता व दमटपणा आणणे ऋतुचर्येच्या विरुद्ध आहे. विधी शीत असावा. १० ग्रॅम वाळा स्वच्छ धुऊन मातीच्या भांड्यात अर्धा लिटर पाण्यात भिजवावा आणि भांडे खिडकीच्या वाऱ्यात ठेवावे. वाळ्याचे तेल जड असल्याने त्याचा गंध सावकाश येतो पण टिकतो. विदर्भातील वाळ्याच्या ताट्या हे याच तत्त्वाचे मोठे रूप होय. उथळ वाडग्यात मोगऱ्याची फुले सोडली तरी पुरे. पाणी रोज बदलावे व भांडे घासावे. साचलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचे डास अंडी घालतात.

वर्षा : सर्वाधिक चूक येथे घडते. घरास कुबट वास येतो म्हणून लोक तासन्‌तास पातेले उकळतात. हवा आधीच आर्द्रतेने भरलेली असते. त्यात वाफ मिसळली की भिंतींवर बुरशी वाढते आणि ती श्वासाच्या रुग्णास उदबत्तीइतकीच घातक ठरते. वाग्भटाचार्यांनी या ऋतूत धूपित वस्त्रांचा उल्लेख केला आहे. त्यामागील कोरडेपणाचा हेतू ध्यानी घ्यावा. म्हणून विधी शुष्क असावा. वेखंड, वाळा व सुकी कडुनिंबाची पाने यांच्या सुती पुरचुंड्या कपाटात ठेवाव्यात. क्वचित प्रसंगी चमचाभर ओवा आणि कपूरकाचरीचे दोन-तीन तुकडे मंद आचेवरील तव्यावर केवळ गरम करावेत. धूर निघण्यापूर्वी तवा उतरवावा. ओल कोठून येते ते शोधून ती बंद करणे हा मुख्य उपाय. सुगंधाने कुबटपणा झाकणे म्हणजे निदानपरिवर्जन टाळणे होय.

शरद : पित्तप्रकोपाचा काळ. दालचिनी, लवंग व सुंठ वर्ज्य. सायंकाळी ३०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम वाळा व ७-८ वेलदोड्यांची साले पंधरा मिनिटे ठेवावीत. आच बंद करून मूठभर गावठी गुलाबाच्या पाकळ्या घालाव्यात. प्राजक्ताची फुले या ऋतूत विपुल. ती मात्र उकळू नयेत, पाण्यावर तरंगत ठेवावीत. दिवाळीत फटाक्यांचा धूर खिडकीतून आत येत असेल, तर त्यावर कोणत्याही सुगंधाची भर घालू नये.

सावधानता

नैसर्गिक गंध सर्वांस सोसतोच असे नाही. तमकश्वासाच्या काही रुग्णांत तीव्र गंधानेही वेग येतो; अर्धावभेदकाच्या रुग्णांत शूळ सुरू होतो; गर्भिणीस हृल्लास होतो. म्हणून सल्ला देण्यापूर्वी "अत्तर, फोडणी, फिनेल यांच्या वासाने त्रास होतो का?" हा एक प्रश्न अवश्य विचारावा. उत्तर होकारार्थी असल्यास गंधोदक सुचवू नये; निर्गंध, हवेशीर घर हेच अशा रुग्णास पथ्य. उत्तर नकारार्थी असल्यास प्रथम दहा मिनिटे, खिडकी उघडी ठेवून प्रयोग करावा. कास, घशात आवळल्यासारखे वाटणे वा शिरःशूल होताच बंद करावा. रुग्णाची चालू औषधे, श्वासावाटे घ्यावयाच्या औषधांसह, या कारणाने कमी करू नयेत.

दोन वर्षांखालील बालकांच्या घरात कापूर, निलगिरी व पुदिन्याचे सत्त्व वापरू नये. कापूर तर शेगडीजवळ आणूच नये. तो ज्वालाग्राही आहे आणि बालकाने गिळल्यास आक्षेपक येतात. पातेले मागील शेगडीवर ठेवावे आणि त्यावर तोंड धरून वाफ घेऊ नये. उरलेले पाणी पिण्याचा काढा नव्हे. ते टाकून द्यावे. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, तो गळती कळावी म्हणून. तीव्र सुगंधात तो वास हरवू शकतो. म्हणून शेगडी चालू असता स्वयंपाकघर सोडू नये व खिडकी बंद ठेवू नये.

औषधी विक्रेत्यांसाठी

तयार पुड्या विकणाऱ्या बंधू-भगिनींनी द्रव्य अखंड किंवा भरड स्वरूपातच द्यावे. लवंग नखाने दाबल्यास तेल सुटले पाहिजे. तेल काढून घेतलेली लवंग पाण्यावर आडवी तरंगते. दालचिनीच्या नावाने बहुधा जाड, एकपदरी साल मिळते. सिंहली दालचिनीच्या गुंडाळीत पातळ अनेक पदर असतात. या कामास दोन्ही चालतात, परंतु जे आहे तेच नाव पुडीवर असावे. वाळ्यास धुतल्यावर मातीचा सौम्य गंध यावा. उग्र, गोड वास आल्यास कृत्रिम सेंटचा संशय घ्यावा.

अगरू, जटामांसी व कुष्ठ ही द्रव्ये या पुड्यांत घालू नयेत. वन्य अगरू व जटामांसी आज अतिसंकटग्रस्त वनस्पतींत मोडतात, आणि कुष्ठ वन्य प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. चंदनाचीही स्थिती चिंताजनक आहे. जी द्रव्ये रुग्णाच्या औषधास अपुरी पडतात ती पातेल्यात उकळून उडवणे आपल्या व्यवसायास शोभत नाही. स्वयंपाकघरातील द्रव्ये या कामास पुरेशी आहेत.

पुडीवर द्रव्यांची नावे, वजन, भरल्याची तारीख आणि 'केवळ गृहसुगंधासाठी. पिण्यास अयोग्य' ही सूचना असावी. 'दमा बरा करते', 'जंतुनाशक', 'प्रतिकारशक्ती वाढवते' असे शब्द घालू नयेत. रोग बरा करण्याचा दावा केला की वस्तू औषध ठरते, परवान्याचा प्रश्न उभा राहतो आणि औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ चा विचार करावा लागतो. कायद्याच्या धाकापेक्षाही मोठी गोष्ट अशी की, पुडीवरील शब्दावर विसंबून एखादा श्वासाचा रुग्ण आपले औषध थांबवील. त्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते.

सारांश, थंड व कोरड्या दिवसांत सुगंधी वाफ, वसंतात व शरदात अल्प आणि सौम्य, ग्रीष्मात शीत जल, वर्षा ऋतूत शुष्क पुरचुंडी, आणि गंध न सोसणाऱ्यास काहीच नाही, एवढी पाच सूत्रे रुग्णाच्या केसपेपरवर लिहून देण्याजोगी आहेत. वाचक वैद्यांनी आपापल्या भागातील हवा व सहज मिळणारी द्रव्ये पाहून त्यांत योग्य तो बदल करावा.