म्हातारपण की थायरॉईड?



घरातील आजी वैशाखाच्या उन्हातही घोंगडी पांघरून बसू लागली, आवाज घोगरा झाला, पोट साफ होईना, कालची गोष्ट आज आठवेना, की आपण सहज म्हणतो, "वय झाले!" ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सास्तुरात ज्यांनी ढिगाऱ्यांतून पुन्हा संसार उभे केले, त्यांतील कितीतरी जण आज या वयात आहेत. त्यांच्या तक्रारींवर एवढाच शेरा मारून आपण मोकळे व्हावे काय?

गळ्याच्या पुढील भागी फुलपाखराच्या आकाराची अवटु ग्रंथी असते. तिलाच थायरॉईड म्हणतात. सरपण पुढेमागे सारून गृहिणी जसा चुलीचा जाळ सांभाळते, तसा या ग्रंथीचा रस शरीराचा चयापचय सांभाळतो. रस कमी पडला की नाडी मंदावते, कातडी कोरडी पडते, कोलेस्टेरॉल वाढते. तो फाजील झाला, तर तरुण माणूस थरथरतो, घामाघूम होतो. वृद्ध मात्र पुष्कळदा नुसता रोडावतो, मलूल होतो, आणि त्याच्या हृदयाचे ठोके अनियमित पडू लागतात.

यावर उपाय आहे. १८९१ साली इंग्लंडात डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका ४६ वर्षांच्या बाईवर उपचार केले. ती पुढे २८ वर्षे जगली. आज तेच काम थायरॉक्सिनची लहानशी गोळी करते.

रस कमी पडला की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी 'टीएसएच' हा तगादा वाढवते, आणि तो रक्तात मोजता येतो. मात्र वयाबरोबर हा आकडा थोडा चढतोच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, ६५ वर्षांवरील ७३७ जणांच्या युरोपातील अभ्यासात, किंचित वाढलेल्या आकड्यासाठी गोळी देऊन थकवा कमी झाला नाही. उलट जादा गोळीने हाडे ठिसूळ होतात, हृदयावर ताण येतो. म्हणून आकडा किंचित वाढलेला दिसल्यास दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून डॉक्टरांनी निर्णय करावा.

गोळी ठरलीच, तर वृद्धांना थोड्या मात्रेने सुरुवात करतात. ती सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे. आपल्या मनाने मात्रा बदलू नये.

"वय झाले" म्हणण्यापूर्वी एकदा रक्त तपासून घ्यावे, एवढीच विनंती.