मोहाखालचा दिवस

पहाटे चार. बोराडीच्या वर, शिरपूर तालुक्यातल्या सातपुड्यात हा पावऱ्यांचा पाडा. टोपल्यांच्या खडखडाटाने जाग आली. होळी होऊन आठवडा झालाय, मोह झडतोय. मावशी, सून आणि दोन नातवंडं बॅटरी घेऊन निघाली; मागून मी. झाडं वनखात्याच्या जमिनीवर असली, तरी कोणतं झाड कोणाचं हे पाड्यात ठरलेलं. दुसऱ्याच्या झाडाखाली कुणी वाकत नाही.

पाच ते आठ. खालचा पाचोळा आधीच झाडून घेतलेला, म्हणून अंधुक उजेडातही पिवळट फूल दिसतं. फुगीर, रसाळ, बोटांना चिकटणारं. वास गोड, थोडा आंबूस. अर्ध्या तासात मी कंबर धरली, टोपलीचा तळही झाकला नव्हता.

"मावशी, जरा बसू?"

"तुम्ही बसा. आम्ही बसलो तर शेळ्या खातील."

साडेआठ. फुलं अंगणात पसरली. चार दिवसांत ती मनुक्यासारखी तांबूस होतील.

नऊ. नाला कोरडा. वाळूत उकरलेल्या झिऱ्यातून सून वाटीवाटीने हंडा भरते. चार वाट्या झाल्या की थांबायचं, पाणी पाझरायची वाट पाहायची, पुन्हा चार वाट्या.

दुपारी मक्याची भाकरी, उडदाची डाळ. फुलं म्हणजे दारूच, असं शहरात समजतात. इथे ती भाजून खातात, बियांचं तेल काढतात. 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे फुलं बाळगणं, नेणं यावर बंधनं होती. राज्याने ती 2021 मध्ये सैल केली. शहरातला असाच गैरसमज भोंगऱ्याबद्दलही. होळीआधीचा हा खरेदीचा बाजार. वर्तमानपत्रांनी त्याचा 'लग्नाचा बाजार' करून टाकला. पोरं त्यावर चिडतात, आणि बरोबर चिडतात.

चार. घरं ज्याच्या त्याच्या शेतात, लांबलांब. तरी शेजाऱ्याच्या बांबूच्या कुडाला बारा माणसं जमली. याला लाह म्हणतात. मजुरी नाही, घरधन्याने जेवण घालायचं. त्याने उद्या यांच्याकडे यायचं, हे बोलूनही दाखवावं लागत नाही.

आठ. दिवा मालवला. मोह अजून पंधरवडाभर झडेल. मावशीने दाराशी पाच टोपल्या लावून ठेवल्यात. काल चार होत्या.