निर्णयाचें शिक्षण

दहावीचा निकाल लागला कीं आमच्याकडील मध्यम स्थितींतील घरांत एक लहानशी परिषद भरते. वडील, काका, मामा, शेजारचे निवृत्त हेडमास्तर, आणि सवड असल्यास आईही, असे सर्वजण बसून शास्त्र, वाणिज्य कीं कला ह्या प्रश्नाचा कीस काढतात. ज्याच्या आयुष्याचा हा प्रश्न, तो पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा पेढ्यांचें तबक घेऊन दाराशीं उभा असतो. त्याला कोणी विचारीतच नाहीं असें नाहीं, सर्व ठरल्यावर "काय रे, तुझें काय मत?" असें कोणीतरी विचारतो. तो "तुम्ही म्हणाल तसें" म्हणतो, आणि मंडळी त्याच्या आज्ञाधारकपणावर संतुष्ट होऊन उठतात. आम्हांस ह्या उत्तराचें कौतुक वाटत नाहीं, भय वाटतें.

ह्या मुलानें पंधरा वर्षांत स्वतःविषयीं एकही निश्चय स्वतः केलेला नसतो. सदरा कोणत्या रंगाचा, शिकवणी कोणत्या सरांची, सुटींत कोणत्या गांवीं जावयाचें, हें सारें इतरांनीं ठरविलेलें. दोन-तीन वर्षांनीं हाच मुलगा पुण्याच्या किंवा कोट्याच्या वसतिगृहांत, हातांत मोबाईल आणि खात्यावर महिन्याचे पैसे घेऊन, एकटा असतो. ज्यानें पाण्यांत कधीं पायही बुडविला नाहीं त्यास एकदम पुरांत लोटून देणाऱ्या बापास आपण काय म्हणूं? पण येथें मात्र, मुलगा गटांगळ्या खाऊं लागला कीं दोष मुलाचा, मित्रांचा किंवा काळाचा!

"पोराला काय कळतें?" हा ह्यावरचा ठरलेला आक्षेप आहे, आणि त्यांत तथ्य मुळींच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. अमेरिकेंतील मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग ह्या मानसशास्त्रज्ञांनीं २००५ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ व त्यापुढील अशा तीन वयोगटांतील ३०६ व्यक्तींस त्यांनीं संगणकावर मोटार हांकण्याचा खेळ दिला. पिवळा दिवा लागल्यावर गाडी थांबवावयाची कीं आणखी थोडी दामटावयाची, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. कांहींजण एकटे खेळले, कांहीं आपल्या वयाच्या सोबत्यांदेखत. सोबती पाहत असले तरी प्रौढांच्या वागण्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. किशोरवयीन मुलांचें धाडस मात्र फार वाढलें. निवांत बसून विचार करण्याची शक्ति साधारण सोळाव्या वर्षापर्यंत मोठ्या माणसांच्या तोडीची होते, पण उसळलेल्या मनास आवरण्याची शक्ति मागाहून येते, असें स्टाइनबर्ग ह्यांचें पुढील संशोधनही सांगतें.

तेव्हां मुलांस अक्कल नसते, हें निदानच चुकीचें आहे. अक्कल असते, मित्रांच्या घोळक्यांत ती वेळेवर हाताशीं येत नाहीं. म्हणून निश्चय घोळका जमण्यापूर्वीं झालेला असावा लागतो. आपण मोटारसायकल चालवूं नये हें चौदा वर्षांच्या मुलास पुरतें ठाऊक असतें. दोघे मित्र मागें बसून "घाबरलास काय?" असें विचारतील तेव्हां तोंडांतून कोणतें वाक्य काढावें, हें मात्र त्यास ठाऊक नसतें. तंबाखूच्या पुडीची गोष्ट हीच. तें वाक्य घरीं, जेवतांना, थट्टामस्करींत तयार करवून घेतां येतें. पण त्यासाठीं बापानें व्याख्यान थांबवून घटकाभर ऐकावें लागतें. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत अल्पवयी चालकाच्या पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड सांगितला आहे. तरीही मुलाच्या हातीं किल्ली देऊन "आमचा बंड्या आतांच गाडी चालवितो" असें अभिमानानें सांगणारे गृहस्थ गांवोगांव आहेत. विषय निवडण्याचें स्वातंत्र्य हे मुलास देत नाहींत, मरण्याचें मात्र देतात!

ज्यांतील चूक मागाहून सुधारतां येते तें मुलाच्या हातीं द्यावें. जी सुधारतां येत नाहीं तेथें वडिलांनीं खुशाल हात धरावा. आमच्या घरांतून नेमका ह्याच्या उलट कारभार चालतो. आठवड्याचा हातखर्च ठरवून द्यावा, आणि तो मंगळवारींच वडापावांत उडाला तर शनिवारपर्यंत मुलास रिकाम्या खिशानें राहूं द्यावें. येथें आईचें मन द्रवतें, ती गुपचूप वीस रुपये काढून देते, आणि सगळें शिक्षण त्या वीस रुपयांत बुडतें. वडील द्रवत नाहींत, पण "मीं सांगितलें नव्हतें?" हें वाक्य उच्चारल्यावांचून त्यांस राहवत नाहीं. त्याऐवजीं "पुढच्या आठवड्यास काय करशील?" एवढेंच विचारावें, आणि आपण त्याच्या वयांत केलेली एखादी फजितीची गोष्ट सांगावी. ती सांगितल्यानें बापाचा मान कमी झाल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

आतांपर्यंत आम्ही मुलगा, मुलगा म्हणत आलों, तें केवळ संवयीनें नव्हे. मुलीच्या बाबतींत गोष्ट पुष्कळ घरीं इथपर्यंत येतच नाहीं. रखमाबाईंचा विवाह त्या अकरा वर्षांच्या असतांना झाला. १८८४ सालीं पतीनें त्यांस नांदावयास आणण्यासाठीं मुंबईच्या हायकोर्टांत दावा लावला, तेव्हां ज्या विवाहास आपली समजून-उमजून संमति नव्हती तो आपणांवर बंधनकारक कसा, असा प्रश्न त्यांनीं केला. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्ही ह्यांनीं त्यांच्या बाजूनें निकाल दिला. तो अपिलांत फिरला, आणि १८८७ सालीं पतीकडे जा, नाहींतर सहा महिने तुरुंगांत जा, असा हुकूम झाला. त्यांनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ सालीं तडजोड झाली, त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं स्त्रियांची सेवा केली. ह्या एका बाईच्या नकारावर महाराष्ट्रांतील वर्तमानपत्रें कित्येक महिने भांडत होतीं.

ती गोष्ट जुनी झाली असें कोणी म्हणेल. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकीं २१.९ टक्के स्त्रियांचें लग्न अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच झालें होतें. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबास वयांत आलेली मुलगी मागें कोणाच्या भरंवशावर ठेवावी ही विवंचना खरी आहे. तिला नुसत्या उपदेशानें उत्तर नाहीं. तरी कायद्यानें मुलीच्या हातीं कांहीं दिलें आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानें असा विवाह सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आंत रद्द करून मागण्याचा हक्क तिला आहे; १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे; गांवांत ग्रामसेवकाकडे हा विवाह थांबविण्याचा अधिकार आहे. पण जिनें स्वतःच्या वेणीची रिबीन कधीं स्वतः निवडली नाहीं, ती चौदाव्या वर्षीं मामा, चुलते आणि सोयरे ह्यांच्या बैठकींतून उठून ग्रामसेवकाच्या दारीं जाईल, ही अपेक्षा कायदा करणाऱ्यांनीं कशाच्या बळावर ठेविली?

हें बळ मूल्यशिक्षणाच्या तासाला फळ्यावर लिहिलेल्या सुविचारांतून येत नाहीं. आठवीच्या वर्गाची सहल रायगडास न्यावी कीं वेरुळास, हें एकदां वर्गांतील मुलींनीं ठरवूं द्यावें. वर्गणी त्यांनींच गोळा करावी, गाडीवाल्याशीं घासाघीस त्यांनींच करावी, शिक्षकांनीं नुसतें शेजारीं बसावें. आणि परत आल्यावर हिशेबांत शंभर रुपये कमी भरले, तर ते कोठें गेले हें मुलींनींच रात्रीं वह्या पसरून शोधून काढावें.