घरच्या हौदात कोई माशांची पैदास



हल्ली इंदुरात बऱ्याच घरांच्या अंगणात लाल-पांढऱ्या कोई माशांचे हौद दिसतात. सातवीच्या मुलांनी शाळेच्या हौदात या माशांची पिल्ले वाढवण्याची परवानगी मागितली आहे. विश्वस्त मंडळींनीही विचारणा केली, म्हणून ही माहिती देत आहे.

कोई म्हणजे साध्या कार्प माशाचेच रंगीत रूप. जपानच्या निइगाता भागातील डोंगरी खेड्यांत भातशेती करणारे लोक खाण्यासाठी कार्प पाळत. त्यांत क्वचित एखादा रंगीत निघे. एकोणिसाव्या शतकात तेथील शेतकऱ्यांनी असे मासे निवडून जपले आणि १९१४ साली तोक्योच्या प्रदर्शनात ते मांडले. त्याच भागातील यामाकोशी गाव २००४ च्या भूकंपात रिकामे करावे लागले, तेव्हा वाचलेले कोई हेलिकॉप्टरने बाहेर नेले होते! पिढ्यान् पिढ्यांची मेहनत कोण सोडून जाईल?

आता आपल्या हौदाकडे वळू. नर्मदेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते काढल्याशिवाय मासे सोडू नयेत. माशांच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो. गाळणीतील जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. हे जिवाणू नीट वसायला महिनाभर तरी लागतो. मुलांना घाई असते, पण येथे घाई चालत नाही.

आपल्याकडे पैदाशीला फेब्रुवारी-मार्च बरा. पाणी २० अंशांच्या आसपास हवे. मादी तीन-चार वर्षांची, पोट भरलेली असावी. नराच्या कल्ल्यांवर बोट फिरवले तर बारीक खरखरीत पुटकुळ्या लागतात. एका मादीबरोबर दोन नर संध्याकाळी वेगळ्या टाकीत सोडावेत आणि त्यात जलपर्णी (जिला इकडे सगळे जलकुंभी म्हणतात) टाकावी. बहुधा पहाटे नर मादीला ढुशा देतात व चिकट अंडी मुळांना चिकटतात. लगेच मोठे मासे काढावेत, नाहीतर तेच अंडी फस्त करतात! पांढरी पडलेली अंडी वाया गेलेली समजावीत. तीन-चार दिवसांत पिल्ले निघतात व आरंभी पोटाखालच्या बलकावर जगतात. पोहू लागली की उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून अगदी थोडा द्यावा. जास्त झाला तर पाणी नासते.

खरी अडचण पुढे आहे. मादीच्या दर किलो वजनामागे साधारण एक लाख अंडी असतात. व्यावसायिक लोक पुन्हा पुन्हा निवड करून बहुतेक पिल्ले काढून टाकतात, कारण सुरेख रंगाची थोडीच निघतात. हे काम मुलांच्या हातून करवून घेणे मला पटत नाही. म्हणून अंडी लागलेली मूठभर मुळेच ठेवावीत, बाकीची मोठ्या माशांनी खाल्ली तर खाऊ द्यावीत. जी पिल्ले जगतील ती साधी, भुरी असली तरी सर्व सांभाळायची, या अटीवर परवानगी देण्यास मी तयार आहे.

एक गोष्ट मात्र कदापि करू नये. जास्त झालेले मासे पुण्य म्हणून सिरपूर तलावात किंवा नर्मदेत सोडू नयेत. कार्प तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो, शिवाय रोगही नेतो. सिरपूर २०२२ पासून रामसर यादीत आहे, आणि नर्मदेतला महाशीर, आपला राज्य मासा, आधीच संकटात आहे. ज्यांच्या घरी मोठा हौद असेल त्या पालकांनी चार-सहा पिल्ले घेण्याची तयारी आत्ताच कार्यालयात कळवावी. तेवढी नावे आल्यावरच मादी टाकीत सोडू.