एकाच घरांतील दोन मधुमेही



नोकरींतून निवृत्त होतांना हौसेनें आणलेलें कुत्र्याचें पिल्लूं दहा-बारा वर्षांत म्हातारें होतें, आणि नेमकें तेव्हांच आपलेंहि शरीर कुरकुरूं लागतें. अशीं दोन दुखणीं एका हातानें कशीं सांभाळावीं, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

बुलढाणा जिल्ह्यांत, मेहकर तालुक्यांत डोणगांव म्हणून गांव आहे. तेथें मी राहतों. मी आणि चंपी नांवाची ११ वर्षांची गांवठी कुत्री, एवढेंच आमचें कुटुंब. मला १४ वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या उन्हाळ्यांत तिलाहि तोच निघाला. तिचें पाण्याचें भांडें दिवसांतून तीन-तीनदां रिकामें होऊं लागलें, रात्रीं बाहेर जाण्यासाठीं ती दार ओरबाडूं लागली, खाणें वाढलें आणि बरगड्या मात्र दिसूं लागल्या. हींच लक्षणें पूर्वीं मीं स्वतः अनुभविलीं होतीं. तरी तिच्यांत तीं ओळखावयास मला दीड महिना लागला. कारण "म्हातारपण आहे, चालावयाचेंच" असें म्हणून मी स्वस्थ बसलों. म्हणून पहिली गोष्ट ही, कीं म्हातारपण हें रोगाचें नांव नव्हे. तहान, लघवी, भूक किंवा वजन यांत एकाएकीं फरक पडला, तर जनावराला दवाखान्यांत न्यावें.

आतां रोगाचें स्वरूप पाहूं. जठराच्या मागें स्वादुपिंड नांवाचा अवयव असतो. त्यांतील कांहीं पेशी इन्सुलिन रक्तांत सोडतात, आणि त्याच्या योगानें रक्तांतील साखर शरीराच्या कामीं येते. प्रौढ माणसाच्या नेहमींच्या मधुमेहांत इन्सुलिन असतें, पण त्याचा अंमल अपुरा पडतो; म्हणून बरींच वर्षें गोळ्यांवर निभतें. कुत्र्यांत बहुधा त्या पेशीच नाश पावतात. म्हणून त्याला आरंभापासून सुई लागते. ज्या कुत्रीची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली नाहीं तिला धोका अधिक, कारण माजानंतर वाढणारें प्रोजेस्टेरॉन इन्सुलिनच्या कामांत अडथळा आणतें. चंपीची ती शस्त्रक्रिया अकोल्यास करवून आणावी लागली.

आपल्या डब्यांतील मधुमेहाची गोळी कुत्र्याला देणें निष्फळ आहे. आणि आपली आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी तर त्याच्या जठराला व मूत्रपिंडाला घातक आहे. प्रसादाच्या शिऱ्यांतील बेदाण्यानेंहि कुत्र्याचें मूत्रपिंड निकामी होऊं शकतें. रोगाचें नांव एक असलें तरी औषधाची पुडी एक नसते.

तथापि या रोगाच्या बाबतींत कुत्र्याचें माणसावर फार मोठें ऋण आहे. १८८९ सालीं मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग या शास्त्रज्ञांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, तेव्हां त्याला मधुमेह झाला. या रोगाचें मूळ त्या अवयवांत आहे हें तेथें कळलें. पुढें १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें फ्रेडरिक बँटिंग व चार्लस बेस्ट यांनीं कुत्र्यांवरच प्रयोग करून स्वादुपिंडाचा अर्क मिळविला. मार्जरी नांवाची त्यांची कुत्री स्वादुपिंडावांचून त्या अर्कावर सुमारे ७० दिवस जगली. जानेवारी १९२२ मध्यें तेथेंच लेनर्ड टॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला तो अर्क टोंचला. जेम्स कॉलिप यांनीं अधिक शुद्ध केलेल्या अर्कानें त्याला उतार पडला. सकाळीं स्वतःची सुई घेतांना मला त्या मुक्या प्राण्यांची आठवण होते. चंपीला मीं जी सुई टोंचतों, ती उपकार नव्हे, परतफेड आहे.

परंतु परतफेडीलाहि शुद्ध राहिलेलें डोकें लागतें, हें मला एका संध्याकाळीं कळलें. मीं माझें इन्सुलिन टोंचून घेतलें आणि जेवावयास बसण्यापूर्वीं चंपीचें उरकावें म्हणून उठलों. ती म्हातारी झाल्यामुळें सावकाश खाते. तिचें होईपर्यंत मी थांबलों. हात कांपूं लागले, घाम सुटला, आणि पुढचें मला धड आठवत नाहीं. शेजारच्या वहिनींनीं साखरेचें पाणी पाजलें तेव्हां भान आलें. समोर ओट्यावर चंपीची सिरिंज रिकामी पडली होती. ती टोंचून रिकामी झाली होती, कीं मुळीं भरलीच नव्हती? मला सांगतां येईना. पशुवैद्यांस फोन केला. ते म्हणाले, "काका, शंका असेल तेथें दुसरी सुई द्यावयाची नाहीं. एक वेळ चुकल्यानें ती मरणार नाहीं. दुप्पट झाली तर कांहीं तासांत मरूं शकेल." रात्रभर मी तिच्याजवळ बसलों. ती सकाळीं नेहमींसारखी उठली. पण मी खडबडून जागा झालों तो त्याच रात्रीं.

चूक माझीच होती, आणि ती मायेच्या पोटीं झाली होती. आजाऱ्याची सेवा करणाऱ्यानें स्वतःला मागें ठेवावें, असें आपल्यावर लहानपणापासून बिंबलेलें असतें. पण जेथें दुसऱ्याचें औषध आपल्याच हातांत आहे, तेथें आपली प्रकृति ही त्याच्या औषधाचाच एक भाग होते. तेव्हांपासून आमच्या घरीं पुढील क्रम आहे. सकाळीं आणि संध्याकाळीं ७ वाजतां प्रथम माझी रक्तशर्करा पाहणें, माझी सुई व माझें जेवण. त्यानंतर चंपीचें खाणें. तिनें खाल्लें हें पाहून मग तिची सुई. तिनें तोंड फिरविलें तर नेहमींची मात्रा न देतां पशुवैद्यांस विचारणें. सुई दिली कीं त्याच क्षणीं भिंतीवरील कॅलेंडरावर खूण. खूण नाहीं आणि आठवणहि नाहीं, तर ती वेळ सोडून देणें.

कुप्यांविषयीं विशेष सांगतों. आपल्याकडे इन्सुलिन एका मिलिलिटरांत ४० एकक आणि १०० एकक अशा दोन प्रतींचें मिळतें, आणि प्रत्येकाची सिरिंज वेगळी असते. १०० एककांचें औषध ४० च्या सिरिंजेंत १० च्या खुणेपर्यंत भरलें, तर १० ऐवजीं २५ एकक टोंचले जातात. म्हणून माझें सामान वरच्या फळीवर, तिचें खालच्या फळीवर, आणि तिच्या डब्याला लाल दोरा बांधलेला. कुपी गोठूं देऊं नये, आणि आमच्या वऱ्हाडच्या उन्हांतहि ठेवूं नये. ती दोन्ही प्रकारें निकामी होते. चालतांना झोक जाऊं लागला, अंग थरथरलें, कीं कुत्र्याच्या हिरड्यांना साखरेचा पाक किंवा मध चोळावा आणि लगेच पशुवैद्यांस गांठावें. मधुमेही कुत्र्यांपैकीं बहुतेकांना वर्षा-दीड वर्षांत मोतीबिंदु होतो. चंपीचीहि नजर गेली आहे. म्हणून खाट, खुर्ची जागची हलवावयाची नाहीं असा नियम केला. माझीहि दृष्टि अधू असल्यामुळें तो दोघांनाहि सोयीचा पडतो.

याहून अवघड गोष्ट शेवटीं सांगतों. उद्यां मीच दवाखान्यांत पडलों तर? हा प्रश्न प्रकृति बरी असतांनाच सोडवावा. शेजारच्या वहिनींना मीं सुई देण्यास शिकविलें आहे, मात्रा कागदावर लिहून ठेवली आहे, आणि पशुवैद्यांचा फोन त्याखालीं आहे. तसेंच, चंपीला खाणें, उठणें आणि ओळखीच्या हांकेला शेपूट हलविणें, यांतलें कांहींच उरलें नाहीं, तर तिला पशुवैद्यांच्या हातून वेदनारहित मरण द्यावयाचें, हेंहि आम्हीं त्यांच्याशीं बोलून ठरविलें आहे. मी थकलों म्हणून तें लवकर करावयाचें नाहीं, आणि मला सोडवत नाहीं म्हणून लांबवावयाचेंहि नाहीं.

महाभारतांत धर्मराज कुत्र्यावांचून स्वर्गांत जाण्यास नाहीं म्हणाला, ही कथा आपण सर्वच जाणतों. तींतील एक साधी गोष्ट मात्र माझ्या लक्षांत या वर्षींच आली. धर्मराज स्वतः शेवटपर्यंत चालत राहिला, म्हणूनच त्या कुत्र्याला त्याच्या मागोमाग जातां आलें. आपल्या घरांतील मुक्या आजाऱ्यासाठीं आपणहि आधीं वेळेवर जेवावें, वेळेवर औषध घ्यावें, आणि मग त्याच्याकडे वळावें.